अंतराळ स्थानक हवे, पण बारमाही वस्तीचे वचन आजच कशाला?

२०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूग आणि मेथीला मोड आणले. हा प्रयोग आमच्या बेळगावशेजारच्या धारवाडचा, तिथल्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा असल्यामुळे उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांनाही त्याचे अप्रूप वाटले. बशीतल्या त्या मोडांना काही दिवस पुरले, हे मात्र फारसे कुणी बोलले नाही.

२०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक उभारण्याच्या सरकारी निर्णयाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिथे कायम माणसे ठेवण्याची हमी आताच देण्याला. माणूस वर असला की पाणी, अन्न आणि सुटे भाग वेळेवर पोहोचवावेच लागतात, परतीचे यान सदैव सज्ज ठेवावे लागते, आणि दुष्काळ पडला (अथणीकडच्या लोकांना त्याचे नावीन्य नाही) म्हणून तो खर्च पुढे ढकलता येत नाही. शिवाय वजनरहित अवस्थेत हाडे झिजतात, त्यामुळे रोजचे दोनेक तास व्यायामातच जातात.

दीर्घ मुक्कामाशिवाय शरीराचे हे बदल उमगत नाहीत, हे खरे. परंतु २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय स्थानकात अखंड वस्ती आहे आणि तिथल्या निष्कर्षांचा मोठा भाग प्रसिद्ध झालेला आहे. चीननेदेखील २०२१ मध्ये आधी पाहुणी पथके पाठवली, सलग वस्ती जून २०२२ पासून केली. आपणही आधी मोजके मुक्काम करावेत, आणि देखभालीचा वार्षिक खर्च संसदेपुढे आल्यानंतरच पुढचे ठरवावे.