विंगेतून कुजबुजून उपयोग नाही

गेली बारा वर्षं आमच्या हौशी ग्रुपमध्ये मी प्रॉम्प्टिंग करतोय. म्हणजे नाशिकच्या कालिदास नाहीतर सायखेडकर नाट्यगृहात विंगेत अंधारात वही धरून उभं राहायचं आणि कोणी अडकलं की वाक्य फेकायचं. टाळ्या कधीच नाहीत, शिव्या मात्र भरपूर.

परवा कोडा हा बहिऱ्या कुटुंबावरचा इंग्रजी पिक्चर परत बघितला आणि मग रात्री दीडपर्यंत त्यात बापाचं काम केलेल्या नटाबद्दलच वाचत बसलो. ट्रॉय कोट्सर. जन्मापासून बहिरा. लोकांना वाटतं एका पिक्चरने नशीब उघडलं, पण २०२२ ला ऑस्कर घेतलं तेव्हा हा बाबा पन्नाशी ओलांडलेला होता आणि त्याआधीची सगळी वर्षं मुख्यतः नाटकात गेलेली. आधी बहिऱ्यांच्या नाटक कंपनीबरोबर दौरे, मग लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरमध्ये मोठमोठे रोल. पिक्चरमध्ये अधूनमधून काहीतरी छोटं, बास. अभिनयाचं ऑस्कर घेणारा तो दुसरा बहिरा कलाकार. पहिली मार्ली मॅटलिन, १९८७ ला, एकविसाव्या वर्षी, म्हणजे मधे तब्बल ३५ वर्षं!! कोडात त्याची बायको तीच आहे, आणि बहिऱ्यांचे रोल ऐकू येणाऱ्यांना देणार असाल तर मी नाही करत असं तिने ठणकावलं होतं म्हणे.

पण माझ्यातला प्रॉम्प्टर अडकला तो डेफ वेस्टवर. तिथे बहिरा नट हाताने बोलतो आणि ऐकणारा नट त्याचा आवाज होतो, दोघंही स्टेजवरच. बिग रिव्हर नावाचं त्यांचं म्युझिकल २००३ ला ब्रॉडवेवर गेलं, त्यातल्या हक नावाच्या पोराच्या बापाचा रोल ट्रॉय आणि एक ऐकणारा नट असे दोघं मिळून करायचे. एका गाण्यात तर मधेच आवाज पूर्ण बंद, सगळे फक्त हातांनी गाणं चालू ठेवतात, आणि मी विचार करतोय की इथे प्रॉम्प्टर काय करणार, घरी जाणार. बहिऱ्या नटाला क्यू, म्हणजे आता तुझी पाळी हा इशारा, दिसावा लागतो नाहीतर अंगाला जाणवावा लागतो, लाइट बदलला, कोणी वळलं, कोणी हात लावला, म्हणजे एका नटासाठी अख्ख्या टीमला हालचाली नव्याने बसवाव्या लागतात. आपल्याकडे तेवढा उपद्व्याप कोण करणार, म्हणून मग रोलच द्यायचा नाही.

गंमत बघा, आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१३ ला पिक्चर काढला तेव्हा त्यात आवाजच नव्हता. बहिरा आणि ऐकणारा एका रांगेत बसून जवळपास सारखाच पिक्चर बघायचे. १९३१ ला बोलपट आला, सगळे खूश, आणि बहिरे बाहेर.

आमच्याकडे सेट लावायला एक पोरगा येतो, कर्णबधिर. मूकबधिर म्हणू नका, हाताने इतकं बोलतो की विचारू नका, आपल्यालाच कळत नाही. तालमीला शेवटच्या खुर्चीत बसतो आणि चहाच्या वेळेला सगळ्यांच्या नकला करतो, आमच्या डायरेक्टरची तर अशी की हसून हसून पोट दुखतं (डायरेक्टर सोडून). सहा वर्षं तो नकला करतोय आणि आम्ही त्याला फळ्या उचलायला लावतोय, च्यायला.

मी विषय काढला. डायरेक्टर म्हणाले, "अरे पण एंट्री कधी घ्यायची ते त्याला कळणार कसं?" शेवटी चहावाल्याचा रोल मिळाला, एकही वाक्य नाही. मला ते पटलं नाही, म्हणजे बहिरा म्हणून गप्प बसणारा रोल हे पण एक प्रकारे टाळणंच झालं ना, पण पोरगा खूश होता म्हणून मी गप्प.

एंट्रीसाठी ठरलं की मी विंगेतून टॉर्च मारायचा, दोनदा. काल त्याची पहिली तालीम झाली. टॉर्च लागलाच नाही, सेल घालायचे विसरलो होतो. तो वैतागून स्वतःच आला, डायरेक्टरच्या चालीत, हातात किटली. कालपर्यंतच्या तालमींत कोणी केली नव्हती अशी एंट्री.

वाक्य विसरणाऱ्यांना बारा वर्षं शिव्या घालत आलो, काल त्याने मला दोन्ही हातांनी काय काय ऐकवलं कोण जाणे.