उरलेला दीड किलो झेंडू

आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये सतरा-अठरा वर्षांची पोरं येतात, सगळी लालबाग-परळकडची, आणि मागच्या दसऱ्याला मी त्यांना पैशाचा व्यवहार शिकवायचं ठरवलं. पीपीटी तयार होती, पण त्यांच्या जांभया बघवेनात, म्हणून सरळ दर टीमला 500 रुपये दिले, म्हटलं दादरच्या फूल मार्केटमधून झेंडू आणा, तोरणं करा, विका आणि पैसे परत करा.

एका टीमने आदल्या संध्याकाळी, ऐन भाव चढलेला असताना माल उचलला, तोही सांगेल त्या भावात. रात्री जागून तोरणं ओवली आणि सकाळी नाक्यावर बसले तर शेजारी एक टेम्पोवाला, भाव निम्मा! आणि पूजा उरकल्यावर झेंडूला कोण विचारतंय, दीड किलो तसाच पडला.

संध्याकाळी गोल करून बसलो आणि मी लगेच सुरू, मागणी-पुरवठा, नाशवंत माल, अमुक तमुक. एक मुलगी म्हणाली, "ताई, आधी आम्हाला विचारा ना काय झालं ते." मी गप्पच झाले.

अनुभवातून शिकणं कसं होतं याचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड कोल्बने 1984 मध्ये हेच मांडलंय, अनुभव घ्या, त्याकडे वळून बघा, त्यातून काही समजतंय का बघा, मग पुन्हा करून बघा. आपण पहिल्याच पायरीवर ग्रुप फोटो काढून मोकळे होतो. मी स्वतः एनएसएसवाली, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, दोन वर्षांत 240 तास भरले, झाडं लावली, बीच झाडला, सर्टिफिकेटही आलं, पण तुला काय दिसलं गं, असं कोणी एकदाही विचारलं नाही.

तर मग मी फक्त विचारलं, काय झालं, कुठे फिसकटलं. आणि शांतता. ती शांतता आपण भरायची नाही हे मला सगळ्यात जड जातं, जीभ नुसती वळवळते. बऱ्याच वेळाने टीममधला एक जण म्हणाला, "मोठ्या माणसाशी घासाघीस करायची लाज वाटली, उद्धट वाटतं ते." हे माझ्या एकाही स्लाइडवर नव्हतं हो! आणि गंमत म्हणजे जी टीम फायद्यात होती तिला का फायदा झाला तेच सांगता येईना, "बसलो, विकलं गेलं" एवढंच.

दिवाळीच्या आधी तोच पोरगा आला. पैसे आत्ता नको म्हणाला, दोन दिवस नुसता भाव विचारून येतो. घासाघीशीची प्रॅक्टिस आईसोबत केलीये म्हणे, आणि ती म्हणाली, अजून दहा कमी कर.