लंडन-पॅरिस: सव्वा तासाचा हिशेब

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचा शार्ल द गॉल हे सरळ अंतर ३४८ किलोमीटर, वैमानिकांच्या मापानं १८८ सागरी मैल. ताशी ८०० किलोमीटरचा वेग धरला तर अर्ध्या तासाचंही काम नाही. तिकिटावर मात्र सव्वा तास, कधी त्याहून पाच-दहा मिनिटं जास्तच.

ही जास्तीची मिनिटं बरीचशी जमिनीवर जातात. विमान गेटवरून हललं की कंपनीचं घड्याळ सुरू होतं आणि पलीकडच्या गेटला थांबलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उड्डाणाआधी रांग ठरलेली. पॅरिसला चार आहेत, पण विमानतळ इतका ऐसपैस की उतरल्यावर टर्मिनल गाठेपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. शिवाय लंडनचा वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि विमान उडतं ते वाऱ्याला सामोरं. म्हणजे पॅरिस आग्नेयेला असूनही निघायचं उलट्या दिशेला, मग वळायचं. पुरत्या उंचीवर पोचलं न पोचलं तोच उतरण लागते.

परतीचं दुखणं वेगळं. हीथ्रोभोवती बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठिकाणी विमानं घिरट्या घालत आपली पाळी येण्याची वाट बघतात. एका फेरीला चारेक मिनिटं. वेळापत्रक आखताना हे आधीच धरलेलं असतं. म्हणून घिरट्या चुकल्या की ‘आपण वेळेआधी पोचलो’ अशी ऐटीत घोषणा होते.

पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. सकाळी १० ला निघालेलं विमान १२:२० ला पोचतं, परतीचं १० चं १०:२० लाच! तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली की घोटाळा होतो.

खरं मोजायचं ते घरापासून हॉटेलपर्यंत. हीथ्रो गाठायला तास, तिथे दोन तास आधी हजेरी, पॅरिसला उतरल्यावर आरईआर बी गाडीनं शहरात यायला अर्धा तास: चार-पाच तास गेलेच. लंडन-पॅरिस रेल्वेगाडी युरोस्टार ४९२ किलोमीटर धावते, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात वेग ताशी १६० वर आणते, तरी लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन ते पॅरिसचं गार द्यू नॉर साधारण २ तास २० मिनिटांत. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, त्यामुळे उतरलं की थेट रस्त्यावर. मात्र ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) वेगळा लागतो. गाडीत द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची अट नसल्यानं लोणच्याची बरणी खुशाल न्यावी. तूप आणि पेढे नकोत, ब्रिटनमधून दुग्धजन्य पदार्थ नेण्यावर युरोपीय संघाची बंदी आहे.

विमान परवडतं ते पॅरिसहून पुढचं विमान धरायचं असेल तेव्हा. तेही दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत, नाहीतर पहिल्याला उशीर झाला की दुसऱ्याचे पैसे बुडाले.