बांधावरचा साग तोडायची परवानगी : फॉरेस्ट नाही, मोजणीने रडवलं (माझा अनुभव)

आधीच सांगतो, फॉरेस्टवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. गावात सगळे म्हणत होते, सागाच्या नादी लागू नको, रेंज ऑफिसात चपला झिजतील. प्रत्यक्षात रेंज ऑफिसचं (वनखात्याचं आपल्या भागातलं ऑफिस) काम त्या मानाने सरळ झालं. माझा अख्खा पावसाळा आणि वर अर्धा हिवाळा खाल्ला तो जमिनी मोजणाऱ्या मोजणी ऑफिसने, म्हणजे भूमी अभिलेखवाल्यांनी, आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणूनच हे लिहितोय, कुणाच्या कामी आलं तर येऊ दे.

आमचं शेत पूर्व विदर्भात. बांधाला वडिलांनी लावलेला साग, चाळीसेक झाडं असतील, आता चांगली जाड झालीत. घर बांधायला काढलं तेव्हा ठरवलं की चौकटी-दारांना यातलंच लाकूड वापरू आणि उरलेलं विकू. आता यात लोकांचा मोठा गोंधळ असतो की झाड माझं, जमीन माझी, मग परवानगी कशाला. झाड तुमचंच असतं, जमीन महसूल संहितेचं कलम २५ तेच सांगतं. पण तोडायची वेळ आली की १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा मध्ये येतो, त्यात अनुसूचित झाडांची यादी आहे, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ वगैरे. यातलं काहीही तोडायचं तर परवानगी, घरच्या वापराला असलं तरी. आणि तोडलेला साग शेताबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वेगळा, ज्याला सगळे टीपी म्हणतात. निलगिरी, सुबाभूळ लावलेल्यांना हा टीपीचा ताप नाही, बांबूवाल्यांचा तर २०१७ मध्येच सुटला, शेतातला बांबू कायद्याने झाड राहिलाच नाही. सागवाल्यांनी मात्र रांगेत उभं राहायचं. (शहरातल्यांसाठी कायदा वेगळा आहे, १९७५ चा, तिथे वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागतं. माझा चुलतभाऊ तिकडच्या गोष्टी सांगून मला घाबरवत होता, त्याचा इथे काही संबंध नव्हता.)

कागद गोळा करायला विशेष काही लागलं नाही. सातबारा, आठ-अ, फेरफार, गाव नकाशा, चतुःसीमा, झाडांबद्दल तलाठ्याचा दाखला. तलाठी म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, पण अजून कुणी तसं म्हणत नाही. सातबाऱ्यावर आत्याचं नाव होतं, तिचं संमतीपत्र घेतलं, ती म्हणाली सही करते पण एक पाट मला पाहिजे सागाचा, दिला. जमीन भोगवटादार वर्ग १ (पूर्ण मालकीची, विकायला बंधन नसलेली) आहे का ते आधी बघून घ्या, वर्ग २ असेल तर महसूलकडून वेगळी परवानगी लागते आणि तो खेळच निराळा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर झाडं विकण्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यांनी ठेकेदाराशी परस्पर बोलणी करूच नयेत, रेंज ऑफिसातच विचारावं.

अर्ज दिला, वनरक्षक आणि वनपाल शेतात येऊन गेले, झाडं बघितली. आणि जाता जाता वनपाल पश्चिमेच्या बांधाकडे बघत म्हणाले, "भाऊ, पलीकडे काय आहे?"

पलीकडे झुडपी जंगल आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत जुन्या रेकॉर्डला झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या हजारो हेक्टर जमिनी आहेत. बघायला गेलं तर खुरटी झाडं, गवत, ढोरं चरतात. ती महसूलची की वनाची हा वाद कितीतरी वर्षांचा. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की झुडपी जंगल म्हणजे वनजमीनच, जंगल कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाला धरून. निकाल बरोबरच आहे, माझा त्याला विरोध नाही, जंगल राहायलाच पाहिजे. पण माझा अर्ज नेमका त्यानंतरचा. त्यामुळे वनपाल म्हणाले की पश्चिमेची झाडं तुमच्या हद्दीत आहेत हे कागदावर दाखवा, मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, आणा. यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उद्या वनजमिनीवरचं झाड मालकीचं म्हणून तुटलं तर नोकरी त्यांची जाणार.

मोजणीचा अर्ज ऑनलाइन होतो, फी ऑनलाइन भरता येते. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, मी द्रुतगतीचे पैसे भरले. त्यातला द्रुत भाग पैसे कापले जाण्यापुरताच होता. तारीख मिळाली, ती पुढे गेली, परत मिळाली. शेवटी भूकरमापक आले, रोव्हर घेऊन. ते मशीन खरंच भारी आहे, काठीला लावलेलं टोपीसारखं यंत्र, सॅटेलाइटवरून पॉइंट घेतं, पूर्वीसारखं साखळी ओढत दिवसभर फिरायला नको. चार-पाच ठिकाणी खुणा केल्या, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, पंचनामा केला, चहा घेतला, गेले. मला वाटलं झालं काम.

नकाशा घेऊन रेंज ऑफिसला गेलो. तिथल्या बाबूंनी नकाशा बघितलाच नाही, आधी नोटिशीची यादी बघितली. लगतधारकांमध्ये, म्हणजे बांधाला लागून जमीन असलेल्यांमध्ये, तीन शेतकरी आणि तहसील. वनविभाग कुठाय? आमचा माणूस मोजणीला हजर नव्हता, आम्हाला नोटीसच नाही, मग ही हद्द आम्ही कशी मान्य करायची?

परत मोजणी ऑफिस. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या रेकॉर्डला पश्चिमेला महाराष्ट्र शासन आहे. शासनाला नोटीस गेली. विषय संपला." मी म्हटलं साहेब, ते झुडपी आहे, वनवाले म्हणतात आम्हाला पाहिजे होती. तर म्हणे, मग सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला सांगा त्यांना.

आता बघा गंमत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन आहे हे खरं, आणि जमीन वन आहे हेही कोर्टाने सांगितलेलं. राज्याची जमीन, राज्याचेच दोन विभाग, आणि दोघांमध्ये टपाल नेणारा मी. वनवाले म्हणत मोजणी ऑफिसला सांगा नोटीस काढायला. मोजणीवाले म्हणत प्रकरण निकाली निघालं, नव्याने अर्ज करा, नव्याने फी भरा. फी का भरू? नोटीस कुणाला द्यायची हे मी ठरवलं होतं का? यावर उत्तर एकच, "सिस्टीममध्ये क्लोज झालंय." सिस्टीममध्ये क्लोज झालंय हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की घरी जेवायला मागितलं तर पोरगीही तेच म्हणायला लागली, किचन सिस्टीममध्ये क्लोज झालंय.

तेवढ्यात पाऊस लागला. धान उभं, बांधावर चिखल, आता पीक निघाल्याशिवाय मोजणी नाही. हे कारण मात्र खरं होतं. पण त्या मधल्या महिन्यांत निदान पत्र तरी निघायला हवं होतं ना, ते पण नाही. टेबलावरचे साहेब बदलले. नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले फाईल शोधावी लागेल. मी समोरच्या रॅककडे बघत होतो, माझी फाईल तिथेच होती, पिवळी, कोपऱ्याला मीच गोंद लावून चिकटवलेली. म्हटलं साहेब ती बघा. तरी "शोधावी लागेल".

दोन गोष्टींनी काम हललं. एक, मी तोंडी विचारणं बंद केलं. साधा अर्ज लिहायचा, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का घ्यायचा, तारखेसकट. शिक्का मारायला कां-कूं करतात, तिथून हलायचं नाही. दुसरं, माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात भांडण नाही लिहिलं, फक्त एवढंच विचारलं की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या दिवशी कुणी काय कार्यवाही केली, त्या टिपणीची प्रत द्या, आणि लगतधारक ठरवताना कोणता अभिलेख बघितला त्याची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं त्यांना. उत्तर आलं नाही, त्याआधी फोन आला. "कशाला एवढं, येऊन भेटा ना." भेटलो. पुनर्मोजणी नाही, फी नाही, वनविभागाने पत्र दिलं तर आम्ही संयुक्त मोजणी लावतो म्हणाले. हेच आधी सांगता आलं नसतं?

पत्र रेंज ऑफिसने मात्र लगेच दिलं. ते टपालाने पाठवू म्हणाले, मी हात जोडले, म्हटलं जावक नंबर टाका आणि माझ्या हातात द्या. तुम्ही पण हेच करा, सरकारी पत्र टपालावर सोडू नका.

धान निघाल्यावर दोन्ही ऑफिसची माणसं एकाच दिवशी माझ्या शेतात उभी होती, तो दिवस मी विसरणार नाही. वनरक्षक पोरगा हुशार, गवतात घुसून त्याने जुना बुरूज शोधून काढला, दगड रचलेला, अर्धा ढासळलेला, वेलींनी झाकलेला. वनाची हद्द या बुरुजांवरून धरतात. त्या बुरुजाचा पॉइंट घेतला रोव्हरने आणि रेषा ओढली तर दोन झाडं पलीकडे गेली. माझी समजत होतो ती दोन्ही, आणि त्यातलं एक सगळ्यात जाड. वाईट वाटलं, पण वाद घातला नाही, यादीतून काढा म्हटलं. बाकी सगळी आत. या वेळी नकाशा हातात यायला फार वेळ लागला नाही, नावात एक काना कमी होता, तो मात्र परत दुरुस्त करून घ्यावा लागला.

पुढचं भराभर झालं. प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजला, नंबर टाकले, परवानगीचा कागद आला. तोडल्यावर लगेच बुंधे उकरायला जाऊ नका, बुंध्यावर आणि ओंडक्यावर वनविभागाच्या हातोड्याचा ठसा पडतो, दोन्हीचे नंबर जुळवून बघतात, ते झाल्यावरच टीपी. टीपीवर गाडी नंबर, माल, कुठून कुठे आणि मुदत असते, म्हणून गाडी पक्की झाल्याशिवाय टीपी मागू नका, ड्रायव्हरने ऐनवेळी दुसरी गाडी आणली तर नाक्यावर अडकाल. आम्हाला तर बजावलं होतं की दिवसाउजेडीच नाका पार करा.

हां, ठेकेदाराचं राहिलंच. सुरुवातीलाच एक जण आला होता, उभी झाडं ठोक द्या, परवानगीचं मी बघतो. मोजणीत अडकलो तेव्हा दोनदा वाटलं देऊन टाकावीत. नाही दिली ते बरं झालं. ओंडक्याचं माप स्वतः काढायला शिका, सोपं आहे, घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ८० सेंटिमीटर घेर आणि ३ मीटर लांबी असेल तर ०.२ गुणिले ०.२ गुणिले ३, म्हणजे ०.१२ घनमीटर. व्यापारी घनफुटात बोलतो, एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, तर तो ओंडका सव्वाचार घनफुटाचा. माझ्या व्यापाऱ्याने तोच साडेतीन धरला होता, साल वजा केली म्हणे. वनविभागाची मापाची यादी समोर ठेवली तेव्हा गप्प बसला.

आणि ज्यांची झाडं अजून लहान आहेत त्यांनी ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडं भरायला विसरू नका, त्या ॲपमध्ये त्याची सोय आहे. आमच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या काळातली झाडांची नोंद होती म्हणून तलाठ्याचा दाखला एका बसणीत मिळाला. शेजारच्या काकांच्या सातबाऱ्यावर एकाही झाडाची नोंद नाही, साग माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यांच्या पश्चिमेलाही तेच झुडपी. त्यांना मी सांगितलंय, तोडायचा विचार दोन वर्षांनी असला तरी मोजणीचा अर्ज आत्ताच टाका, आणि लगतधारकांत वनविभागाचं नाव स्वतः लिहून द्या, आवकच्या शिक्क्यासकट.