सांभार टाका ना जी

गोष्ट आहे भाजीसोबत फुकट मागायच्या सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची; पण सुरुवात काट्यापासून. दुपारचे चार वाजले की नागपूरच्या गोकुळपेठेत पालेभाजीवर पाणी मारणं सुरू होतं. झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बाटली, आणि मावशी बोलता बोलता मेथी-पालकावर शिंतोडे उडवून राहिल्या असतात. तेवढ्यात कुणीतरी पावभर ढेमसे मागतं. काट्यावर आकडा २८०वर थांबतो आणि मावशी मान वर न करता विचारतात, "जास्त होते जी, राहू देऊ?"

आता तीस ग्रॅमसाठी कोण "नाही, काढा" म्हणणार? एका ढेमश्याचं वजनच त्याहून जास्त. ते काढलं तर आकडा अडीचशेच्या खाली जाणार, मग दुसरं बारकं ढेमसं शोधा, ते किडकं निघणार. सगळे "राहू द्या" म्हणतात. मावशींनाही ते ठाऊक असतं, म्हणून त्या पिशवीचं तोंड आधीच उघडून ठेवतात.

रोमला नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या नागपूरकराला तिथल्या दुकानात हाच प्रश्न ऐकू आला की हसू येतं. "के फाच्चो, लाशो?" काय करू, राहू देऊ? खारवलेलं मांस नाहीतर चीज कापून देणारा दुकानदार हे हमखास म्हणतो. तिथे पाव मागत नाहीत, 'एत्तो' मागतात. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. तुम्ही एक एत्तो सांगायचं, तो एकशेवीस कापणार आणि विचारणार. फरक एवढाच की त्याच्या काट्यावर वजनाशेजारी पैसेही उमटतात, त्यामुळे वरचे वीस ग्रॅम सेंटपर्यंत मोजून घेतले जातात.

आपल्याकडचा पावसुद्धा काही सरळ नाही. शेर होता ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २३३ भरायचा. १९५८पासून मेट्रिक वजनं यायला लागली, १९६२पर्यंत जुनी बाद झाली, आणि पाव गुपचूप अडीचशेचा झाला. नाव तेच राहिलं, माल सतराएक ग्रॅमनं वाढला. गिऱ्हाइकाच्या बाजूनं झालेला असा बदल मला तरी दुसरा आठवत नाही.

दोन पारड्यांच्या तराजूला झुकतं माप होतं. भाजीचं पारडं खाली गेलं की गेलं. वीस-तीस ग्रॅमचं वजन हातगाडीवर कोण ठेवतं? इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि ते झुकणं आकड्यात दिसायला लागलं. दिसलं की त्याचे पैसे लागतात. तरी काटा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. टोपलं ठेवून आकडा शून्य केलेला असेल, तर टोपलं उचलल्यावर तिथे उणे आकडा दिसायला हवा. टोपलं उचललेलं असताना शून्य दिसत असेल, तर दर वेळी टोपल्याचेही पैसे तुम्हीच भरता. बॅटरी उतरली की आकडे लुकलुकतात, आणि पंख्याचा झोत पारड्यावर आला तरी पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे नाचतात. अगदीच शंका असेल तर शेजारच्या किराण्यातून मिठाचा एक किलोचा पुडा घेऊन काट्यावर ठेवावा. पिशवीचं वजन धरून हजाराच्या किंचित वर आकडा यायला हवा. वजनमापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांचा शिक्का दर वर्षी नवा लागतो, तो काट्याच्या अंगावरच असतो. पण शिक्का वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला मावशी ज्या नजरेनं पाहतात, ती सोसायची तयारी ठेवावी.

ओल्या पालेभाजीचं तर बोलूच नये. म्हणून पालक, मेथी, चवळाई जुडीनं घ्यावी, वजनानं नाही. शिंतोड्याचं पाणी आपल्याला मोजून विकलं जात नाही.

पण हे सगळं ज्यासाठी लिहायला घेतलं तो सांभार. पुण्यामुंबईकडे त्याला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत. झुकतं माप गेल्यापासून व्यवहाराचा सगळा भार या चार काड्यांवर आला आहे. मागायची वेळ ठरलेली: सगळी भाजी तोलून झाली, बेरीज झाली, पण पैसे अजून दिले नाहीत, त्या मधल्या फटीत. "सांभार टाका ना जी." सोबत दोन मिरच्याही येतात, आणि दिवस चांगला असला तर अद्रकाचा तुकडा. सुरुवातीलाच मागितलं तर जुडीचा भाव ऐकावा लागतो. नुसतं पावभर लिंबू घेऊन मागितलं तर काहीच ऐकू येत नाही.

रोममध्ये या चार काड्यांना 'ओदोरी' म्हणतात. सेलरीची एक दांडी, एखादं गाजर, पार्सलीच्या काड्या, कधी तुळशीसारख्या बासिलची फांदी. भाजी घेतल्यावर ओळखीच्या गिऱ्हाइकाला हे असंच देतात, रश्शासाठी. तेच सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या डब्यात बंद होऊन, किंमत चिकटवून मिळतं. मागायची रीतही आपलीच, सगळ्यात शेवटी आणि जरा आठवल्यासारखं करून.

तिथली पार्सली दिसायला अगदी सांभार. नवं आलेलं पोरगं आनंदानं जुडी उचलतं आणि घरी वरणावर टाकल्यावर तोंड वाकडं करतं. पान बोटांत चुरडून वास घ्यायचा, एवढाच उपाय. पण तिथल्या ठेल्यावर मालाला हात लावलेला चालत नाही. काय हवं ते सांगायचं, उचलून ठेलेवालाच देतो. पीच नाहीतर खरबूज घेताना उलट तो विचारतो, आज खायचं की उद्या? आणि त्या बेतानं निवडून देतो. आपल्याकडे दुधीला नख मारल्याशिवाय आणि भेंडीचा शेंडा मोडल्याशिवाय खरेदी झाल्यासारखी वाटत नाही. मोडून नाकारलेल्या भेंड्या संध्याकाळपर्यंत शेंड्याला काळ्या पडतात, त्या कुणी घ्यायच्या याचा विचार मोडणारा करत नाही. या एका बाबतीत मी तिकडच्यांच्या बाजूचा.

रोममध्ये खरा सांभार हवा असेल तर रेल्वे स्टेशनाजवळच्या एस्क्विलिनो बाजारात जावं लागतं. बांगलादेशी विक्रेत्यांमुळे तिथे भेंडी, कारली, हिरवी मिरची सगळं मिळतं. मात्र बाजार सकाळचे असतात, बहुतेक दुपारी दोनपर्यंत आवरतात. आपल्यासारखं संध्याकाळी साडेसातला पिशवी घेऊन निघालं तर ओटे धुतलेले दिसतील. मागताना 'कोरियांदोलो' असं एकवचनीच म्हणावं. त्याचं अनेकवचन 'कोरियांदोली' म्हणजे कार्निव्हलमध्ये उधळतात ते रंगीत कागदाचे कपटे. पूर्वी साखरेत घोळलेले धणे उधळायचे, धणे गेले आणि नाव कपट्यांना राहिलं.

फुकटचा सांभार वर्षभर टिकत नाही, हेही आलंच. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की रोपाला पानं धरायच्या आत तुरे येतात, आणि श्रावणात पावसानं जुडी आतून सडते. वरून हिरवी, दोरा सोडला की मधे काळा चिखल. तेव्हा मागणाऱ्यानं शरम बाळगावी. दिवाळी झाली की मात्र जुड्यांचे ढीग पडतात आणि घरोघरी सांभारवडीचा घाट घातला जातो. त्यात एकच गोष्ट बिघडते, पण ती दर वर्षी बिघडते: सांभार ओला राहतो. धुतल्यावर सुती कापडावर पसरून दोन-तीन तास पंख्याखाली ठेवला, पान हाताला कोरडं लागलं, तरच चिरायला घ्यावा. पाणी राहिलं तर सारण आवरणाला भिजवतं, वडी कढईत फुटते आणि खसखस-खोबऱ्यासकट सगळं तेलात फिरत बसतं. चिरतानाही कोवळ्या काड्या टाकू नयेत, वास त्यांच्यातच असतो. मीठ सारणात अगदी शेवटी, भरायच्या वेळेला. आधी घातलं की सांभार पुन्हा पाणी सोडतो.

ज्या घरातून पोराला भाजीला धाडतात, तिथे निरोपही ठरलेला असतो. टमाटे वर ठेव, उरलेले पैसे मोजून घे, आणि सांभार विसरू नको. पोरगं सगळं आणतं, सांभार विसरतं, आणि उंबऱ्यातूनच परत पाठवलं जातं. नुसता सांभार मागायला रिकाम्या हातानं परत जाणं ही शिक्षा ज्यानं भोगली, तो पुढे जन्मभर विसरत नाही असं वाटलं होतं.

आता घाईत आधी मोबाइलच काढला जातो. कोड दाखवला, बोट दाबलं, आणि मावशींच्या गल्ल्याशेजारचा डबा मोठ्यानं सांगतो, बावन्न रुपये मिळाले. ती मधली फटच बुजली. डबा बोलून गेल्यावर सांभार मागायला तोंड उघडत नाही, आणि मावशी तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला विचारत असतात, "राहू देऊ?"