हरळ म्हणजे हरळी नव्हे

संध्याकाळी माझ्याकडे पाच-सहा मुलं मराठीला येतात, गोव्यात फोंड्याला आमच्या सोप्यावरच बसतो आम्ही, आणि खरं सांगायचं तर धडा कमी होतो, शब्दांवरून बोलणंच जास्त होतं. याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय, हा कुठला अलंकार, ही म्हण अशी का. गेल्या आठवड्यात दहावीच्या एका मुलीने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणातली, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या जुन्या मराठी काव्यातली, ती सगळ्यांना ठाऊक असलेली ओवी चालली होती.

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कि रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

तिने विचारलं, टीचर, हरळ म्हणजे गवत ना? म्हणजे गवतात रत्न चमकतंय असं?

मी कॉलेजात असताना मलाही तसंच वाटायचं. हरळी म्हणजे दूर्वांसारखं गवत, चवथीला आपण दूर्वा काढायला जातो, सकाळच्या दवात ते गवत चमकतं पण, त्यामुळे चित्र इतकं सुंदर जमतं की चुकलंय असं मनात पण येत नाही. पण हरळ म्हणजे गवत नाही, हरळ म्हणजे खडे. तांदूळ निवडताना बोटाला लागतात ते बारीक खडे, वाळूतली खडी. आणि किळा म्हणजे तेज, चमक.

मी शब्दकोशातला अर्थ सांगून मोकळी होऊ शकले असते पण मला वाटलं की हिला कवितेतूनच कळू दे. म्हणून पुढच्या दोन ओव्या पण वाचायला लावल्या. पुस्पांमाजी पुस्प मोगरी, परिमळांमाजी कस्तुरी, पखियांमध्ये मयोरु, रुखियांमध्ये कल्पतरु. आता बघ म्हटलं, मोगरी कुणात आहे? फुलांत. कस्तुरी? सुवासांत. मोर पक्ष्यांत, कल्पतरू झाडांत. प्रत्येक ठिकाणी त्याच जातीतलं एक, त्याच जातीतल्या बाकीच्यांमध्ये ठेवलंय, कारण शेवटी सांगायचंय ते भाषांमधल्या एका भाषेबद्दल. मग रत्न कुणात असणार? ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, दगडांत. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आणि एकदा तो दगड कळला की पहिल्या दोन ओळींची पायरी पण दिसते बघा, आधी साध्या खड्यांत रत्न, मग रत्नांत पुन्हा तो निळा हिरा. खडा, त्याच्यावर रत्न, त्याच्यावर निळा हिरा. गवत धरलं तर ही पायरीच मोडते. एका शब्दाचा अर्थ चुकला तर एक शब्दच चुकतो असं नाही, कवीने बांधलेली अख्खी रचना हातातून निसटते.

आणि हे लिहिणारा माणूस इंग्लंडातून आलेला होता. 1579 मध्ये गोव्यात उतरला, पुढची जवळजवळ चाळीस वर्षं बहुतेक साष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या तालुक्यात काढली, तिथे लोकांत राहून भाषा शिकला आणि 1616 मध्ये राचोलला हे पुराण छापलं गेलं, ते पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा नव्हते. अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. येशूची कथा सांगायला त्याने ज्ञानोबा-एकनाथांची ओवी उचलली, मोगरी नि मोर नि कल्पतरू उचलले. राचोल आमच्या घरापासून फार लांब नाही, बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडली की साष्टी लागतेच. मुलांना मी हे दर वर्षी सांगते आणि दर वर्षी माझाच आवाज थोडा भरून येतो.

त्याच ओवीत आणखी एक जागा आहे जिथे मुलं हमखास अडकतात. एकाने अलंकार ओळखा मध्ये उत्प्रेक्षा लिहिलं होतं. का तर दुसरी ओळ 'कि' ने सुरू होते आणि गाईडमध्ये दिलंय की जणू, गमे, वाटे, भासे, की हे शब्द आले की उत्प्रेक्षा. अरे बाबा, हा 'कि' म्हणजे किंवा. खड्यांत रत्न, किंवा रत्नांत निळा हिरा. खरा अलंकार उपमाच, जैसी-तैसी समोर बसलेत, आणि एकाच भाषेला एकामागून एक उपमा दिल्यात म्हणून मालोपमा. ओळखीचा शब्द दिसला की अलंकाराचं नाव लिहून टाकायचं ही सवय मला अजिबात आवडत नाही, त्याने मार्क मिळत असतील पण कविता वाचणं बंद होतं. मी त्यांना एवढंच विचारायला सांगते की इथे दोन गोष्टी सारख्या आहेत म्हणतोय, का एक जणू दुसरीच आहे असं वाटतंय म्हणतोय, का दोन्ही एकच आहेत म्हणतोय, का पहिली दुसरीच्या वरचढ आहे म्हणतोय. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, व्यतिरेक, झाले चारही. व्यतिरेकाला ज्ञानेश्वरीतली ओवी आहेच, मऱ्हाटाचा बोल अमृतालाही पैजेने जिंकेल असं ज्ञानोबा म्हणतात तिथे अमृतासारखा म्हणून थांबत नाहीत, त्याच्या पुढे जातात.

आता म्हणींचं. आमच्याकडे घरात कोंकणी, वाचायला मराठी, त्यामुळे इथल्या मुलांचे प्रश्न पुण्याच्या मुलांपेक्षा वेगळे असतात आणि मला ते जास्त आवडतात. 'शितावरून भाताची परीक्षा' घ्या. पुण्यात शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक कण, भात म्हणजे ताटातला भात, संपलं. पण आमच्या मुलाच्या कानाला शीत म्हणजेच ताटातला भात, शीत-कडी मधलं शीत, आणि भात म्हणजे शेतातलं, टरफलासकट असतं ते. मग तो मला विचारतो, टीचर, जेवलं की कळतं का शेतात भात कसा पिकलेला? म्हणीचा ठरलेला अर्थ हा नाही, आणि तो मी त्याला सांगितलाच, पेपरात तोच लिही म्हणून. पण त्याचा प्रश्न चूक नव्हता. घाटावर सुद्धा भातलावणी म्हणतातच की, तिथे भात म्हणजे पीकच. 'असतील शिते तर जमतील भुते' मात्र आमच्याकडे कुणाला समजवावी लागत नाही.

डिचोलीहून एक मुलगा येतो, मामाकडे राहतो फोंड्यात. निबंधात 'माझी आई गुणांची खाण आहे' असं वाक्य मी सुचवलं तर त्याने ते खोडलं. विचारलं का रे, तर म्हणाला खाण म्हणजे चांगली गोष्ट नाही टीचर. त्याच्या घरासमोरून खनिजाचे ट्रक जायचे, लाल धूळ, विहिरीचं पाणी, आणि 2012 मध्ये खाणी बंद झाल्यावर घरातलं झालेलं बोलणं, हे सगळं ऐकतच तो वाढलाय. गुणांची खाण म्हणणाऱ्याला खाण म्हणजे कितीही काढलं तरी न संपणारं असं अभिप्रेत आहे. ह्या मुलाला ठाऊक आहे की खाण संपते, नि संपल्यावर मोठा खड्डा उरतो. मी त्याला आगर सुचवलं. गुणांचं आगर. आमच्याकडे मिठागर पण आहे आणि माडा-पोफळीचं आगर पण आहे, पेडण्यात तर आगरवाडा म्हणून गावच आहे जिथे अजून मीठ पिकवतात. गंमत म्हणजे आगर हा शब्द मुळात संस्कृत आकर वरूनच आलाय, आणि आकर म्हणजे खाणच. त्याला हे सांगितलं तर हसला, पण वहीत आगरच ठेवलं. बरोबर केलं त्याने. लाक्षणिक शब्द वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहिलं पाहिजे नाहीतर तो शब्द मेलेला.

पानिपतावर लाख बांगडी फुटली, हे लक्षणेचं उदाहरण तर प्रत्येक पुस्तकात. बांगडी म्हणजे बांगडी नाही, विधवा झालेल्या बायका. ते मुलं पाठ करतात. मी त्याच्या जोडीला पानिपतचा पराभव कळवणाऱ्या 1761 च्या त्या पत्राची गोष्ट सांगते, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव नि भाऊसाहेब. खुर्दा म्हणजे सुटी नाणी, म्हणजे साधे शिपाई, हे सांगितलं की सोप्यावर एकदम शांतता होते.

आणि कालचा ताजा प्रश्न. 'लेखकाचा मानस स्पष्ट करा' असं वाचल्यावर हरळ विचारणाऱ्या त्याच मुलीने विचारलं, मानस म्हणजे ती खाजनातली, पाणी सोडतात ती का? उच्चार तोच, शब्द वेगळा. आमच्याकडे खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, आणि मानस म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार, भरतीचं खारं पाणी आलं की त्या दाबाने ते आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं, शेत वाचतं, आणि तिथे जाळं लावून मासे धरतात, त्याचा लिलाव होतो. मराठीतला मानस म्हणजे मनात धरलेला हेतू. मी दोन्ही अर्थ वहीत लिहायला सांगितले. मग कळलं की बाकीच्या चार जणांनी मानस कधी बघितलीच नाहीये.

रविवारी सकाळी ओहोटी आहे, लोटलीच्या बाजूला खाजनात जायचं ठरलंय. वह्या घेऊन या म्हटलंय सगळ्यांना.