रेफरन्स कोणता लावायचा? माझ्या व्हिस्पर ट्रान्समीटरचा अनुभव

व्हिस्पर म्हणजे अगदी कमी ताकदीचा छोटा संदेश पाठवायचा आणि तो कुठे कुठे ऐकू आला याचे अहवाल मिळवायचे, असा हौशी रेडिओतला प्रकार. आणि रेफरन्स म्हणजे ज्या मूळ ठोक्यावरून ट्रान्समीटर आपली फ्रिक्वेन्सी बनवतो तो. माझा व्हिस्पर ट्रान्समीटर अगदी साधा आहे. आर्डुइनो नॅनो, फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या एसआय ५३५१ए चिपचं बाजारात मिळणारं मॉड्यूल, सिग्नल वाढवायला तीन बीएस १७० मॉसफेट आणि पुढे लो-पास फिल्टर. २० मीटर बँडवर साधारण २०० मिलिवॅट. परवाना आणि गच्चीवरचा डायपोल अँटेना आधीपासून होता, त्यामुळे बाकीची जुळणी पटकन झाली. गाडी अडली ती एकाच ठिकाणी. दूरदूरच्या रिसीव्हरांकडून जे अहवाल येत, त्यांत ड्रिफ्टच्या, म्हणजे संदेश चालू असताना फ्रिक्वेन्सी किती सरकली त्या रकान्यात शून्याऐवजी उणे दोन, उणे तीन असे आकडे. दुपारी तर अहवालच गळायला लागायचे.

व्हिस्परचा सिग्नल किती अरुंद असतो ते आधी सांगतो, नाहीतर एवढ्या तेवढ्या ड्रिफ्टचा बाऊ कशाला असं वाटेल. जो टेलर यांनी ही पद्धत २००८ साली आणली. पल्सरवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले तेच, आणि माणूस पक्का हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. यात चार सूर असतात, शेजारच्या दोन सुरांत जेमतेम दीड हर्ट्झचं अंतर, सगळा सिग्नल मिळून ६ हर्ट्झ आणि एक संदेश सुमारे १११ सेकंद चालतो. २० मीटरवर सगळ्या जगाने मिळून वापरायची जागा १४.०९७० ते १४.०९७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे फक्त २०० हर्ट्झ. इथे १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, चुकला तर १४ हर्ट्झ.

मॉड्यूलवरचं २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल दहा-वीस पीपीएमने चुकलेलं असू शकतं. त्याने मी थेट त्या खिडकीबाहेर जाईन, पण चिपसाठीच्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत) करेक्शनचा आकडा भरला की ते निस्तरतं. करेक्शनने न निस्तरणारी गोष्ट म्हणजे त्या १११ सेकंदांत होणारं सरकणं. संदेश सुरू झाला की चिप तापते, काही मिलिमीटरवर बसलेलं क्रिस्टल तिच्याबरोबर तापतं, शेजारचे मॉसफेट भर घालतात. क्रिस्टलवर नुसतं बोट टेकवून रिसीव्हरवर सूर ऐका, खात्री पटेल. एक फुकटातला उपाय आहे: संदेश नसतानाही चिपचं दुसरं एखादं आउटपुट चालू ठेवायचं, म्हणजे ती गरमच राहते. त्याने बराच फरक पडला. पण पुण्यातला एप्रिल, पत्र्याचा डबा, मध्येच ढग येऊन गेला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मग बाहेरचा रेफरन्स शोधायला लागलो. हॅम मित्रांना विचारलं की उत्तर ठरलेलं: जीपीएसडीओ घे, विषय संपव. त्यात चांगला ऑसिलेटर असतो आणि जीपीएसच्या सेकंदाच्या ठोक्याशी त्याला सावकाश जुळवत ठेवलेलं असतं, त्यामुळे अचूकतेबद्दल बोलायलाच नको. पण माझ्या २०० मिलिवॅटच्या खेळण्यासाठी तो म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

स्वस्तातली पळवाट म्हणून जीपीएस मॉड्यूलच्या एका पिनवर येणारा ठोका, म्हणजे टाइमपल्सच, रेफरन्स म्हणून वापरून पाहिला. यू-ब्लॉक्सच्या एम८ पिढीच्या मॉड्यूलमधून तो थेट १० मेगाहर्ट्झपर्यंत काढता येतो. कागदावर झकास, सरासरी तर अगदी बिनचूक. प्रत्यक्षात आत ४८ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं आणि वेळ जुळवण्यासाठी मॉड्यूल मधूनमधून एखादा ठोका गाळतं किंवा घुसवतं. एक ठोका म्हणजे जवळपास २१ नॅनोसेकंद. १४ मेगाहर्ट्झची एक लहर ७१ नॅनोसेकंदांची, म्हणजे दर वेळी फेज, म्हणजे लहरीतली जागा, शंभरेक अंशांनी उडी मारणार. १० मेगाहर्ट्झ तर ४८ ला पूर्ण भागही देत नाही, त्यामुळे तिथे ही कसरत अखंड चालते. ८ मेगाहर्ट्झसारखे पूर्ण भाग देणारे काढले की आवाज सुधारतो, तरी उड्या राहतातच. रिसीव्हरवर सूर कानाला खरखरीत लागला, तेव्हाच हा पर्याय बाद केला. शिवाय उपग्रह दिसेनासे झाले तर पल्सचं काय होणार हे मॉड्यूलच्या सेटिंगवर अवलंबून. ट्रान्समीटरचा लगाम असा दुसऱ्याच्या हाती देणं मला पटत नाही.

टेलिफोनच्या यंत्रणेतून काढलेला जुना १० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ, म्हणजे छोट्या भट्टीत गरम ठेवलेल्या क्रिस्टलचा ऑसिलेटर, एका मित्राने दिला. स्थिरतेला तोड नाही, तासन् तास काटा हलत नाही. पण त्याच्या आतली भट्टी स्थिरावल्यावरही २ वॅटच्या आसपास खाते, आणि मी अँटेनाला देतो त्याच्या दहा पट! गच्चीवर माझ्याकडे १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. शिवाय एसआय ५३५१ए ला १० मेगाहर्ट्झ देण्याची सोय नाही; त्यासाठी सी प्रकारची चिप हवी, ती क्लॉकसाठीच्या वेगळ्या पिनवर १० ते १०० मेगाहर्ट्झ घेते. म्हणजे नवीन बोर्ड.

शेवटी २५ मेगाहर्ट्झचा, अर्ध्या पीपीएमचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम स्वतःच भरून काढणारा ऑसिलेटर, लावला. हे अर्धा पीपीएम पूर्ण तापमानपट्ट्यासाठी असतं. दोन मिनिटांत डब्याचं तापमान फारतर एखाद्या अंशाने हलतं, तेवढ्यात तो एका हर्ट्झच्या छोट्याशा भागापलीकडे सरकत नाही. जोडणी चिपच्या डेटाशीटमध्येच दिलेली आहे: क्रिस्टल काढून टाकायचं, टीसीएक्सओचं आउटपुट ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून एक्सए पिनला, एक्सबी मोकळी. सिग्नल १ व्होल्ट पीक-टू-पीकच्या आत हवा. क्लिप्ड साइन प्रकारचा टीसीएक्सओ साधारण ०.८ व्होल्ट देतो, त्यामुळे तो तसाच चालतो, ३.३ व्होल्टचा चौकोनी सिग्नल देणारा घेतलात तर आधी दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर लावा. कोडमध्ये क्रिस्टल लोड शून्य करायला विसरू नका. टीसीएक्सओला स्वतःचा छोटा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर दिला, कारण मॉसफेट चालू झाले की मुख्य सप्लाय किंचित बसतो आणि तेवढंही सुरात उतरतं. तो मॉसफेटपासून लांब नेला आणि वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून फोमच्या तुकड्याखाली झाकला.

जीपीएस मॉड्यूल काढलं नाही, काम बदललं. संदेश युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) सम मिनिटाला, एक सेकंद उलटल्यावर सुरू व्हावा लागतो, ती वेळ तेच देतं. आणि त्याच्याच ठोक्यावर रेफरन्स तपासतो: चिपच्या रिकाम्या आउटपुटवर २.५ मेगाहर्ट्झ काढायचे आणि नॅनोने ते ४० सेकंद मोजायचे. दहा कोटी यायला हवेत. एकाचा फरक म्हणजे ०.०१ पीपीएम. येईल तो फरक करेक्शनमध्ये जातो, पण दोन संदेशांच्या मधल्या वेळातच. संदेश चालू असताना आकड्याला हात लावायचा नाही, नाहीतर जीपीएसची उडी दारातून घालवली ती खिडकीतून आत आली.

आता ड्रिफ्टचा रकाना शून्यावर असतो, क्वचित एक दिसतो, तोही बहुधा ऐकणाऱ्याच्या रिसीव्हरचा. कारण त्याच संदेशाला बाकीचे शून्य देतात. १० मीटरवरही हाच टीसीएक्सओ पुरला. २ मीटरवर १ हर्ट्झ म्हणजे ०.००७ पीपीएम, तिथे तो पुरेल असं मला वाटत नाही. त्यासाठी सी प्रकारच्या चिपचा बोर्ड काढायला घेतलाय, आणि तो ओसीएक्सओ घरातल्या सप्लायवर चालवणार.